पंढरीच्या वहीतला वारसा

पंढरी राऊत न्हाणीघरात अंगावर पाणी घेताना काहीतरी पाठ करत होता. बाहेर भाकरी थापत बसलेल्या नर्मदेला ते शब्दन् शब्द ऐकू आलं.

"कन्स्ट्रक्टर आपोआप येतो. बोलवावा लागत नाही. डिस्ट्रक्टर शेवटी येतो. सगळं मोकळं करून जातो."

नर्मदेची तव्यावरची भाकरी करपली. गोष्ट सत्त्याण्णव सालची. तेव्हा बोईसरच्या आसपास पावसाळ्यात ज्या शेतात भात उभा दिसायचा, तिथे दिवाळीपर्यंत स्लॅब उभा राहिलेला असायचा. त्यांच्या कुंभवली गावातल्या दोन वाड्या तर वर्षभरात गेल्या होत्या. तिथे आता तीन मजली इमारती होत्या आणि त्यांच्या गच्च्यांवर अँटेना. त्यामुळे नर्मदेने 'कन्स्ट्रक्टर' हा शब्द ऐकला आणि तिच्या डोळ्यांपुढे ट्रकभर विटा आल्या. तो सगळं मोकळं करून जातो म्हणजे काय मोकळं करून जातो, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अहो, कोणाशी बोलताय?" तिने विचारलं.

आतला आवाज एकदम बंद झाला. "कोणाशी नाय. गाणं म्हणतोय."

बावीस वर्षांच्या संसारात पंढरीने न्हाणीघरात कधी गाणं म्हटलं नव्हतं. हल्ली तो रोज सकाळी साडेसहालाच केसांना तेल लावून, खिशाला पेन अडकवून सायकलवर बसायचा. ड्युटी साडेआठची. विचारलं तर म्हणायचा, "स्टोअरमधे स्टॉक लावायचाय." गेला महिनाभर स्टॉकच लागत होता.

खरं काय ते पंढरी कोणालाच सांगू शकत नव्हता. तो एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात अठरा वर्षं स्टोअरकीपर होता. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या खणात, कुठली गॅस्केट कुठल्या खोक्यात, हे तो डोळे मिटून सांगायचा. जूनमधे मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की दिवाळीच्या आत स्टोअरला कॉम्प्युटर येणार. ज्याला तो चालवता येईल तो स्टोअरमधे राहील, नाही तर मुंबईच्या ऑफिसातून माणूस येईल आणि इथल्यांना पॅकिंगला पाठवू. पॅकिंग म्हणजे दिवसभर निळ्या-लाल भुकटीत उभं राहायचं आणि संध्याकाळी होळी खेळल्यासारखं घरी यायचं. पंढरीचं वय सेहेचाळीस. त्याला ती होळी नको होती.

मग तो बोईसरला नवापूर रोडवरच्या औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गेला. तिथे कॉम्प्युटरचा क्लास होता. चपला बाहेर काढून आत गेला तर खोली थंडगार, आणि टेबलामागे विजया मॅडम नावाची चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. ती पालघरहून यायची.

"बेसिकची बॅच भरलीये काका," ती म्हणाली. "आता दोन महिन्यांनी. सकाळची सी प्लस प्लसची बॅच आहे, तिच्यात एक जागा आहे."

"सी?" पंढरी हिरमुसला. "ए आणि बी पण भरल्या?"

"ए नव्हतीच काका. बी नावाची भाषा होती, पण ती आता कोणी शिकत नाही."

"आणि हे प्लस प्लस काय?"

"म्हणजे सीच्या पुढचं."

पुढचं म्हणजे चांगलंच असणार, असा विचार करून पंढरीने नाव घातलं. पहिल्या दिवशी कळलं, की बॅचमधली बाकीची आठ पोरं इंजिनीअरिंग नाही तर बीएस्सीची आहेत आणि त्यातल्या चौघांचे बाप त्याच्याबरोबर कारखान्यात कामाला आहेत. पोरांनी त्याला "काका, कोणाला न्यायला आलात?" म्हणून विचारलं. त्याच क्षणी पंढरीने ठरवलं, पास होईपर्यंत घरी किंवा गावात एक अक्षर बोलायचं नाही. पोरांनाही त्याने बटाटेवड्यावर शपथ घातली.

पहिला आठवडा हाल झाले. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं. एका बोटाने एकेक अक्षर शोधून त्याने सहा ओळी लिहिल्या, तर मशीनने त्यात एकोणीस चुका काढल्या. पंढरीला घाम फुटला. सहा ओळींत एकोणीस चुका त्याने शाळेतसुद्धा केल्या नव्हत्या. मॅडमनी येऊन एक अर्धविराम घातला आणि सगळ्या चुका गेल्या.

"एवढ्याशा टिंबासाठी एवढी बोंबाबोंब?" तो म्हणाला.

"मशीनला समजूतदारपणा नसतो काका."

दुसऱ्या आठवड्यात मात्र गंमत झाली. मॅडम क्लास आणि ऑब्जेक्ट समजावून सांगत होत्या आणि पोरं खाली माना घालून नुसती लिहून घेत होती. पंढरीने हात वर केला. "मॅडम, आमच्या स्टोअरमधे छापील बिन कार्ड असतं. कोरं. त्यावर वस्तूचं नाव, खण, किती आहेत, असे रकाने. ते कोरं कार्ड म्हणजे क्लास, आणि अर्ध्या इंचाच्या व्हॉल्व्हचं भरलेलं कार्ड म्हणजे ऑब्जेक्ट. असंच ना?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. "अगदी असंच," त्या म्हणाल्या.

"आणि प्रायव्हेट म्हणजे आमची जाळी. माल आत. कोणी आत शिरायचं नाही. खिडकीतून मागायचं, मी काढून देणार."

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत पोरं पंढरीभोवती बसायला लागली. अठरा वर्षं आपण जे करत होतो ते इतकं शहाणपणाचं होतं, हे पंढरीला पहिल्यांदाच कळलं. तो सायकलवरून शिट्टी वाजवत घरी यायला लागला. नर्मदेच्या संशयात भर पडली ती त्या शिट्टीने.

तर न्हाणीघरातलं ते पाठांतर ऐकलं त्याच दिवशी नर्मदेने त्याची पिशवी उघडली. आत शंभर पानी वही होती. इंग्रजी डोक्यात शिरत नाही म्हणून पंढरी घरी येताना वाटेतल्या पारावर बसून सगळं मराठीत उतरवून काढायचा. शेवटच्या पानावर, त्याच्या सुबक स्टोअरकीपरी अक्षरात, लिहिलं होतं:

'वारसा. मुलाला बापाचे सगळे आपोआप मिळते. वेगळे मागावे लागत नाही. बापाचे जे प्रायव्हेट असेल त्याला मुलाने हात लावायचा नाही. मित्राला मात्र प्रायव्हेटमध्ये शिरता येते. मित्र कोण, ते आधीच लिहून ठेवावे. एका मुलाला दोन बाप असू शकतात, पण त्याने घोटाळा होतो. शक्यतो टाळावे.'

नर्मदा मटकन खाली बसली. दोन बापांची ओळ तिने तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा पदर तोंडाला लावला. मग उठली आणि तडक नाक्यावरच्या टेलिफोन बूथवर गेली. पंढरीची धाकटी बहीण मंदा केळव्याला दिलेली होती. तिच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. लाइन इतकी खरखरत होती, की नर्मदेला प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागलं.

"मंदाताई, तुमच्या दादाने बाबांची वाडी बिल्डरला द्यायचं ठरवलंय! हां, बिल्डरला! लिहून ठेवलंय सगळं! पोरांनी हात लावायचा नाय आणि मित्राने शिरायचं! मित्राने! मला काय ठाऊक कोण मित्र, तो जिव्याच असणार! स्टोअरमधला जिव्या!"

बूथबाहेर पाच माणसं रांगेत उभी होती. नर्मदा बाहेर आली तेव्हा त्यांतला एकच उरला होता. बाकीचे चौघे बातमी घेऊन गेले होते.

दुपारपर्यंत ती कुंभवलीभर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते घडलं. एका खऱ्या बिल्डरच्या कानावर गेलं, की राऊतांची वाडी निघालीये. त्याने दोन माणसं पाठवली. ती फाटकातून सरळ आत आली आणि विहिरीपासून नारळांपर्यंत टेप धरून मापं घ्यायला लागली.

वाडीत पंढरीचे वडील धाकूबाबा शेवग्याच्या शेंगा काढत होते. वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं कमी आणि रागीट. त्यांनी थोडा वेळ बघितलं.

"काय मोजताय?"

"जागा, आजोबा. तुमच्या मुलाने द्यायची ठरवलीये म्हणे. चार मजले सहज होतील."

धाकूबाबांनी हातातली आकडी खाली ठेवली, त्या माणसाच्या हातातून टेप घेतली, नीट गुंडाळली आणि विहिरीत टाकली. मग घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. संध्याकाळी पंढरी आला तर म्हातारा जेवायला उठेना, बायको बोलेना, आणि का ते कोणी सांगेना. पंढरीला वाटलं, क्लासचं कळलं. बटाटेवड्याच्या शपथेवर आपण भरवसा ठेवायलाच नको होता. तो शरमून न जेवताच पडून राहिला. त्यामुळे नर्मदेची उरलीसुरली खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमधे जिव्या दिसेना. जिव्या वीस वर्षं कारखान्यात मालाची चढ-उतार करायचा, डोंगरापलीकडच्या पाड्यावरून रोज यायचा आणि दुपारचा डबा पंढरीबरोबरच खायचा. डब्याच्या वेळी तो आला, पण जाळीबाहेरच उभा राहिला.

"आत ये ना," पंढरी म्हणाला.

"नको राऊतभाऊ. मी नाय शिरत. आतमधे मी काय आता शिरत नाय."

"का रे?"

"सकाळपासून पंधरा माणसांनी मला हात जोडलं. कोण बोलतो, जिव्या तुझी चंगळ हाय, राऊतांची वाडी तुला मिळाली. राऊतभाऊ, तुमी माझ्यावर माया करता, मला ठाव हाय. पण मला नको तुमची वाडी. माझं डोंगरावरचं एक बीघा हाय, त्यातच मला रानडुकरांशी भांडावं लागतं. तुमच्या भावाशी आणि कुठं भांडू?"

पंढरीने भाकरी खाली ठेवली. "कसली वाडी?"

"तुमी वहीत लिवलंय म्हणे. मित्राला शिरता येतं."

पंढरीला आधी काही कळेना. मग कळलं, आणि त्याला हसू फुटणार तोच दोन बापांची ओळ आठवली. 

रविवारी क्लास साडेदहाला सुटून तो घरी आला तर ओटीवर चपलांचे सात जोड. पालघरहून धाकटा भाऊ आनंदा आणि त्याची बायको, केळव्याहून मंदा आणि तिचा नवरा, भिंतीला टेकून धाकूबाबा, दारात नर्मदा, आणि अंगणात उकिडवा बसलेला जिव्या. त्याला आनंदाने मुद्दाम बोलावून आणलं होतं. आनंदा आणि पंढरी एकमेकांशी सणावारापुरतंच बोलायचे. भांडण कशावरून झालं हे दोघांनाही आता नीट आठवत नव्हतं. मधे सतरंजीवर, सकाळी पिशवीत न सापडलेली ती वही होती.

"दादा, बस," आनंदा म्हणाला. "हे अक्षर तुझं?"

"माझंच."

"मग एका मुलाला दोन बाप, हे तू कोणाबद्दल लिहिलंस ते आईच्या माघारी तूच सांग."

"अरे, ते कॉम्प्युटरचं आहे!" पंढरी कळवळून म्हणाला. "मी क्लासला जातो. रोज सकाळी. स्टोअरला कॉम्प्युटर येतोय म्हणून."

मग नर्मदा म्हणाली, "या वयात?"

"म्हणूनच सांगितलं नाय."

"कॉम्प्युटरला वारसा कशाला लागतो?" आनंदा तहसील कचेरीत होता, त्याला कागदांची पारख होती. "त्याला काय बापजाद्यांची जमीन असते? दादा, एवढं मोठं खोटं तरी नीट बोल."

"आणि कन्स्ट्रक्टर?" नर्मदा म्हणाली. "तो पण कॉम्प्युटरमधे? इमारती बांधतो का तो आतमधे?"

पंढरी जितकं समजवायला गेला तितकं बिघडत गेलं. ऑब्जेक्ट म्हणाला, तर आनंदा म्हणाला, "ऑब्जेक्शन मी घेणार, तू नाय." शेवटी धाकूबाबा तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"कुठं हाय ह्याचा क्लास? मी बघणार."

मग राऊतांचं सगळं घर सहा आसनी रिक्षात बसलं. त्यात दोन माणसं आधीच होती. जिव्या मागे लटकला. विजया मॅडमची बाराची बॅच नुकती सुरू झाली होती. दार उघडलं आणि आठ माणसं चपला काढून आत आली आणि कोपऱ्यातल्या बाकांवर जाऊन बसली. मॅडमना वाटलं नवीन प्रवेश आहेत. त्यांचा चेहरा खुलला.

"थंडी कशाला एवढी?" धाकूबाबांनी विचारलं.

"मशीन तापतं बाबा. त्याला उन्हाळा सोसत नाही."

"आमाला अठ्ठ्याहत्तर वर्षं सोसला," बाबा म्हणाले.

पंढरीने मान खाली घालून सगळी हकिगत सांगितली. टेप विहिरीत गेल्याचं आलं तेव्हा मॅडमनी डस्टर तोंडावर धरला. डस्टर काढला तेव्हा त्यांच्या नाकाला खडू लागला होता. मग त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला, त्याखाली दुसरा काढला, आणि वरच्यात 'बाप' आणि खालच्यात 'मुलगा' असं लिहिलं.

"बाबा, हे लिहिण्याची एक रीत आहे. वरच्याला जे येतं ते खालच्याला पुन्हा शिकवावं लागत नाही. एवढाच वारसा. दोन बाप म्हणजे वरती दोन चौकोन, आणि कन्स्ट्रक्टर म्हणजे चौकोन तयार करणारा हुकूम. यात जमीन नाही, घर नाही."

"आणि बापाने लिवून द्यावं लागतं?" बाबांनी विचारलं.

"नाही. इथे उलटं असतं. बाप काहीच लिहीत नाही. मुलगा लिहितो, की माझा बाप हा. बापाला तर मुलं किती हेसुद्धा ठाऊक नसतं."

धाकूबाबांनी वरच्या चौकोनाकडे बोट केलं.

"बरं हाय त्याचं," ते म्हणाले. "वाडीवर संकट आलं म्हटल्यावरच धावत आलेली पोरं मोजावी लागत नाय."

आनंदा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मंदाने नाक ओढलं. वर्षभरात ती केळव्याहून एकदाही आली नव्हती, आणि केळवं काही लांब नाही. मग जिव्या मागून म्हणाला, "मॅडम, तेवढं मित्राचं सांगा ना. मला गावात तोंड दाखवायचं हाय." पोरं हसली, मग सगळेच हसले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी सगळे कुंभवलीलाच जेवले. नर्मदेने सुक्या बोंबलाचं कालवण केलं. आनंदा आणि पंढरी मागे वाडीत जाऊन उभे राहिले. नारळ किती उंच झाले, एवढंच बोलले. पण संध्याकाळी नाक्याकडे जाताना आनंदाने पंढरीची सायकल हातात धरली होती आणि पंढरी त्याच्या खांद्यावर हात टाकून चालत होता.

दसऱ्याच्या सुमारास कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याबरोबर मुंबईहून एक इंजिनीअर आला. मॅनेजर साहेबांनी पंढरीला अभिमानाने पुढे केलं. "हे आमचे राऊत. तीन महिने क्लास केलाय."

"काय शिकलात?" इंजिनीअरने विचारलं.

"सी प्लस प्लस."

इंजिनीअर त्याच्याकडे बघतच राहिला. "कशाला? प्रोग्रॅम आम्ही लिहूनच आणलाय. तुम्ही फक्त इथे वस्तूचं नाव टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. टाइपिंग येतं ना?"

टाइपिंग तेवढं येत नव्हतं. बेसिकच्या बॅचमधे तेच शिकवत होते. पंढरीने एका बोटाने 'व्हॉल्व्ह' लिहायला घेतलं. इंजिनीअर मधे एक चहा पिऊन आला, तेव्हा तो शेवटच्या अक्षरावर होता. मॅनेजर साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. पण पंढरीने एंटर दाबायच्या आधी सांगितलं, "साहेब, यात खणाचा नंबर बाहेरून कोणालाही बदलता येतोय. तो प्रायव्हेट पाहिजे. नाय तर आठ दिवसांत घोळ होईल." इंजिनीअरने वाकून बघितलं, मान खाजवली आणि फ्लॉपी काढून पिशवीत टाकली. "पुढच्या सोमवारी येतो," तो म्हणाला. पॅकिंगला जायची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाही.

आता क्लासला जायची गरज नव्हती. पण दोन धडे राहिले होते, आणि नर्मदेने सकाळी स्वतःहून चहा पुढे ठेवला. "जा. अर्धवट सोडू नका." पंढरी गेला. परत आला तर धाकूबाबा ओटीवर बसले होते.

"आज काय शिकवलं?"

पंढरीने सायकल भिंतीला टेकवली. अकरा वर्षं तो शाळेत गेला, तेव्हा बाबा पहाटे शेतावर जायचे आणि दिवेलागणीला यायचे. हा प्रश्न त्यांनी त्याला कधीच विचारला नव्हता. तो त्यांच्याशेजारी बसला.

"आजचं कठीण होतं बाबा. मलाही नीट कळलं नाय. म्हणजे असं, की हुकूम एकच द्यायचा. पण ज्याला दिला तो आपापल्या परीने तो पाळतो. हुकूम देणाऱ्याला कोण काय करणार याची फिकीर नाय."

"यात कठीण काय?" बाबा म्हणाले. "मी वाडीतून एकच हाक मारायचो, गवत कापायला चला रे. मंदा विळा घेऊन यायची. आनंदा कुंपणावरून उडी मारून पळायचा. आणि तू पुस्तक काढून बसायचास. हाक तीच. तिघं तीन तऱ्हेची."

पंढरीने वही काढली आणि ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते विजया मॅडमना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "काका, हे कुठल्या पुस्तकातलं?"

"आमच्या बाबांचं," पंढरी म्हणाला.

मॅडमनी आदल्या दिवशीचा फळा पुसला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गवत कापायला चला रे.' इंजिनीअरिंग-बीएस्सीच्या आठ पोरांनी मुकाट्याने माना खाली घातल्या आणि वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली.